व्हीएमची डिस्क करप्ट झाली: आधी नक्कल, मग दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. ऑफिसातल्या एका पीसीवर उबुंटू लिनक्स, त्यावर आभासी मशीनं चालवणारं केव्हीएम, आणि त्यातल्या एका व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, स्टॉक आणि बिलिंगचा मारियाडीबी डेटाबेस. परवा रात्री पावसात लाइट गेली आणि यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली. काल सकाळपासून व्हीएम बूट अर्धवट राहिल्यावर येणाऱ्या ‘इनिट्रॅमएफएस’च्या प्रॉम्प्टवर येऊन थांबतं आणि एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा हुकूम) हाताने चालवा असं सांगतं. डिस्कची फाइल क्यूकाऊ-२ (व्हीएमच्या डिस्क-फाइलचा एक प्रकार) आहे, साधारण १२० जीबी. शेवटचा बॅकअप अडीच महिन्यांपूर्वीचा. २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं आहे. मित्र म्हणतो, एफएससीकेला ‘-वाय’ लावून मारून टाक, पाच मिनिटांत चालू होईल. मारू का?

नका मारू. मूळ फाइलवर तर अजिबात नको. एफएससीके चालवायचं आहेच, पण ते आजच्या कामातलं पाचवं-सहावं पाऊल आहे. तुम्ही आत्तापर्यंत काही चालवलं नसेल तर तुमचा डेटा परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. लाइट जाण्याने जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत केलेल्या दुरुस्तीने होतं. ठाण्यात राहून गेली सोळा वर्षं वागळे इस्टेट ते तुर्भे या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो आहे. तेवढ्या अनुभवावरून हे सांगतो.

यातला एक अनुभव माझ्याच हातून झालेल्या चुकीचा आहे. दहाएक वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका युनिटचं व्हीएम असंच अडकलं होतं. मालक डोक्याशी उभे, कामगार खोळंबलेले. मी मूळ डिस्कवरच ‘-वाय’ लावून एफएससीके सोडलं. एक गोष्ट मी तपासली नव्हती: होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्या पीसीवर चालतं त्याच्या, हार्ड डिस्कवरच बॅड सेक्टर (खराब जागा) पडले होते. अशा वेळी एफएससीकेला एखादा ब्लॉक वाचता आला नाही की ते दोन प्रश्न विचारतं. एक, ही चूक दुर्लक्षित करू का? दोन, त्या जागी जबरदस्तीने पुन्हा लिहू का? ‘-वाय’ लावलं की दोन्हींचं उत्तर ‘हो’. म्हणजे जे ब्लॉक दोन-चार वेळा प्रयत्न करून कदाचित वाचता आले असते, त्यांच्यावर मी स्वतःच लिहून बसलो. शेवटी फाइल सिस्टिम ‘क्लीन’ दिसली, व्हीएम बूट झालं, आणि ड्रॉइंगचा आख्खा फोल्डर रिकामा होता. ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांच्या हजारो फाइल पडल्या होत्या. त्या माणसाची चार वर्षांची ड्रॉइंग त्यात विखुरली. काही उघडली, बरीच उघडली नाहीत. त्या दिवसापासून मूळ फाइलवर मी कधीही दुरुस्ती केलेली नाही.

एफएससीकेचं काम नेमकं काय, हे इथे समजून घ्यायला हवं. ते तुमचा डेटा वाचवायला बनवलेलं नाही. फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवायला बनवलेलं आहे. खतावणीत दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर कुठली तरी एक खोडून बेरीज बरोबर आणायची, अशी त्याची पद्धत. बेरीज बरोबर येते. खोडलेली नोंद खरी होती की खोटी, हे त्याला कळत नाही.

आता तुमच्या डिस्ककडे बघू. व्हीएमच्या दृष्टीने ती डिस्क आहे, होस्टच्या दृष्टीने एक फाइल. त्यामुळे बिघाड पाच-सहा थरांपैकी कुठेही असू शकतो: पीसीची खरी एसएसडी किंवा हार्ड डिस्क, तिच्यावरची होस्टची फाइल सिस्टिम, क्यूकाऊ-२ फाइलची स्वतःची रचना, तिच्या आतलं पार्टिशन आणि बहुतेक एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर), त्यावरची ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), आणि सगळ्यात वर मारियाडीबी. पडद्यावर चूक दिसते ती वरच्या थराची. कारण पुष्कळदा खालच्या थरात असतं. म्हणून तपासणी खालून वर करायची. खालचा थर डळमळीत असताना वरचा दुरुस्त करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग मारणं.

सर्वांत आधी व्हीएम पूर्ण बंद करा. प्रॉम्प्टवर अडकलेलं व्हीएम सरळ बंद होत नसेल तर ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ वापरा. नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्याने काहीही पुसलं जात नाही, फक्त व्हीएमची वीज काढल्यासारखं होतं. ‘अनडिफाइन’ (व्हीएमची नोंदच काढणारा हुकूम) मात्र देऊ नका. कुठलाही स्नॅपशॉट (व्हीएमची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) डिलीट करू नका, मर्जही करू नका. आणि व्हीएमला ‘बघू या आत्ता होतंय का’ म्हणून पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी त्या फाइलवर काही ना काही लिहिलं जातं.

मग होस्ट. ‘डीएफ’ चालवून जागा शिल्लक आहे का ते बघा. हे क्षुल्लक वाटेल, पण तुर्भ्याच्या एका गोदामात ‘डिस्क करप्ट झाली’ म्हणून मला बोलावलं होतं, आणि प्रत्यक्षात जुन्या स्नॅपशॉटनी होस्टची डिस्क गच्च भरली होती. केव्हीएमसोबत व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम म्हणजे क्यूएमू; त्याची सवय अशी की लिहायला जागा उरली नाही तर तो गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमला, चूक कळवत नाही, व्हीएमला जागीच थांबवतो. दोन जुन्या आयएसओ फाइल हलवल्या, व्हीएम ‘रिझ्यूम’ केलं, काम संपलं. तिथे कुणी आधीच एफएससीके चालवलं असतं तर नसलेला आजार अंगावर घेतला असता.

जागा असेल तर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, आय-ओ एरर (वाचन-लेखनाच्या चुका) शोधा आणि ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती बघा. हार्ड डिस्क असेल तर रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर हे दोन आकडे महत्त्वाचे. पेंडिंग शून्यापेक्षा जास्त म्हणजे काही सेक्टर आत्ता वाचता येत नाहीत. एनव्हीएमई एसएसडी असेल तर मीडिया एरर बघा. इथे काही सापडलं तर त्या डिस्कवरचं काम तिथेच थांबवा.

आता नक्कल, आणि ती वेगळ्या डिस्कवर. होस्टची डिस्क निरोगी असेल तर साधं ‘सीपी’ पुरतं. बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी १२० जीबीला वीसएक मिनिटं लागतात. चहा होईपर्यंत काम होतं. फक्त ती डिस्क एफएटी३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ईएक्सटी४ सगळ्यात बरी. डिस्क आजारी असेल तर ‘सीपी’ नको, ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ घ्या. पहिल्या फेरीत ‘-एन’ लावून जे सहज वाचता येतं ते सगळं आधी काढून घ्यायचं, मग ‘-आर३’ लावून अवघड जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल दिलीच पाहिजे. तिच्यामुळे मध्येच थांबलं तर पुढे तिथूनच सुरू होतं, आणि कुठला भाग वाचला गेला नाही याचा पक्का हिशेब हातात राहतो.

नक्कल करताना स्नॅपशॉटची साखळी विसरू नका. ‘क्यूएमू-आयएमजी इन्फो’ला ‘बॅकिंग-चेन’ हा पर्याय लावला की तुमची फाइल एकटी आहे की मागे आणखी फाइल आहेत ते दिसेल. वरची फाइल म्हणजे फक्त बदल, मूळ मागे असतं. एकच उचलली तर काही उपयोग नाही. साखळीतल्या सगळ्या फाइल घ्या, आणि व्हीएमची एक्सएमएल व्याख्या (त्याच्या मांडणीची फाइल) ‘डम्पएक्सएमएल’ने काढून बरोबर ठेवा.

इथून पुढे मूळ फाइलला हात लावायचा नाही. सगळं नकलेवर.

नकलेवर पहिली परीक्षा ‘क्यूएमू-आयएमजी चेक’, दुरुस्तीचा कुठलाही पर्याय न लावता. क्यूकाऊ-२ मध्ये कुठला ब्लॉक फाइलमध्ये कुठे आहे याचे दोन पातळ्यांचे तक्ते असतात, एल१ आणि एल२. शिवाय कुठली जागा किती वेळा वापरात आहे याची मोजणी वेगळी असते. निकालात ‘लीक्ड क्लस्टर’ दिसले तर घाबरू नका. जागा अडवली गेली, पण तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लाइट गेल्यावर हे हमखास दिसतं आणि डेटाला त्याचा धोका नाही. ‘-आर लीक्स’ने ते साफ होतं. ‘करप्शन’ मोजून दाखवलं तर मात्र गोष्ट खरी आहे. एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला असेल तर ‘-आर ऑल’ काहीतरी निवाडा करतो, पण तो बरोबरच असेल असं नाही. म्हणून ते करण्याआधी नकलेचीही नक्कल ठेवा. आणि हा चेक चालू व्हीएमच्या फाइलवर कधीही दुरुस्तीसह चालवू नका. २०१७ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून क्यूएमू फाइलला कुलूप लावतो आणि अडवतो. ते कुलूप बाजूला सारायचा पर्याय आहे, पण तो वापरून लोक चांगली डिस्क मातीत घालतात.

आता ज्या युक्तीसाठी हे उत्तर मी मुख्यतः लिहितो आहे ती. नकलेवर थेट एफएससीके न चालवता तिच्या डोक्यावर एक रिकामी आच्छादन फाइल बसवा: ‘क्यूएमू-आयएमजी क्रिएट’, फॉरमॅट क्यूकाऊ-२, बॅकिंग फाइल म्हणून तुमची नक्कल, आणि कॅपिटल ‘-एफ’ देऊन बॅकिंगचाही फॉरमॅट. ही फाइल क्षणात बनते आणि सुरुवातीला काहीशे केबीचीच असते. यानंतर जे काही लिहिलं जाईल ते आच्छादनात जाईल, खालची नक्कल जशीच्या तशी राहील. एफएससीकेने घोळ घातला? आच्छादन पुसा, नवं बनवा, दुसऱ्या पद्धतीने प्रयत्न करा. दहा वेळा करा. वीस मिनिटांची नक्कल पुन्हा करावी लागत नाही आणि हातही थरथरत नाहीत. एकच पथ्य: आच्छादन बनवल्यावर खालच्या फाइलवर काहीही लिहायचं नाही, नाहीतर वरच्याचा अर्थच जातो.

आच्छादन उघडायचं कुठे? होस्टवर ‘क्यूएमू-एनबीडी’ने जोडता येतं, पण मी तुम्हाला ते सुचवणार नाही. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएमच्या गटाला ठरलेलं एकच नाव देतो. होस्टही तसाच बसवलेला असेल तर एकाच नावाचे दोन गट समोर येतात आणि थकलेल्या डोक्याने चुकीच्या गटावर हुकूम सोडला जातो. त्यापेक्षा नवं तात्पुरतं व्हीएम करा, त्याला सिस्टमरेस्क्यूसारखा लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता बूट होणारी डिस्क-प्रत) लावा आणि आच्छादन त्याची डिस्क म्हणून जोडा. आयएसओ ताजा घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्स १.४७ पासून नव्या ईएक्सटी४मध्ये काही वैशिष्ट्यं आपोआप चालू असतात. जुन्या एफएससीकेला ती ओळखता येत नाहीत आणि ते कामच नाकारतं.

रेस्क्यू व्हीएममध्ये ‘एलएसबीएलके’ने पार्टिशन दिसतात का बघा, ‘व्हीजीचेंज -एवाय’ने एलव्हीएम जागं करा. मग ‘ई२एफएससीके -एफ -एन’. ‘-एन’ म्हणजे फक्त बघ, लिहू नको. इथे एक फसगत होते: ‘-एन’मध्ये जर्नल (फाइल सिस्टिमने बदल आधी टिपून ठेवलेली नोंदवही) पुन्हा चालवलं जात नाही, त्यामुळे चुकांची यादी खऱ्यापेक्षा लांब दिसते. ती बघून धीर सोडू नका. आच्छादनावर आहोत, तेव्हा पुढे ‘-पी’ने चालवा. ते जर्नल पूर्ण करतं, निर्धोक दुरुस्त्या करतं आणि अवघड काही आलं तर स्वतः थांबतं. पुष्कळदा इथेच काम होतं.

थांबलं, तर काय म्हणतंय ते वाचा. फ्री ब्लॉकची संख्या चुकली, अनाथ आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) सापडला, ही किरकोळ दुखणी. एकाच ब्लॉकवर दोन फाइलचा दावा, आयनोडमध्ये अशक्य ब्लॉक क्रमांक, किंवा रूट आयनोड डिरेक्टरीच नाही, असं आलं तर दुखणं खोल आहे. मग ‘-वाय’ आच्छादनावर चालवून निकाल बघायला माझी हरकत नाही. तुमचा मित्र म्हणतो ते इथे, या सुरक्षित जागी करायचं. सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य नोंदच, वाचता येत नसेल तर त्याच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी असतात. ४ केबीच्या ब्लॉकला पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४ वर. ‘-बी ३२७६८’ देऊन एफएससीकेला त्या प्रतीवरून वाचायला सांगता येतं. प्रतींच्या जागा शोधायला बरेच लोक ‘एमकेई२एफएस -एन’ सुचवतात. त्यातलं ‘-एन’ राहिलं तर डिस्क फॉरमॅट होते. मूळ डिस्कच्या जवळपासही तो हुकूम टाइप करू नका.

तुमच्या व्हीएममध्ये ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस निघाली तर एफएससीके काही करत नाही, ‘एक्सएफएस_रिपेअर’ लागतं. आधी माउंट करून लॉग पूर्ण होऊ द्या. ‘-एल’ने लॉग पुसणं हा अगदी शेवटचा उपाय. विंडोज गेस्ट असेल तर ‘चेकडिस्क /एफ’, तेही आच्छादनावरच. व्हर्च्युअलबॉक्सला ‘क्लोनमीडियम’ने नक्कल निघते. व्हीएमवेअरमध्ये पालक डिस्क बदलल्याची तक्रार आली तर बहुधा साखळीतल्या ओळखक्रमांकांचा मेळ चुकलेला असतो. तो छोट्या मजकुरी व्हीएमडीके फाइलमध्ये असतो. डेटा तसाच असतो का, हे पालक डिस्कवर कुणी लिहिलं का यावर ठरतं.

आता डेटाबेस. फाइल सिस्टिम ‘क्लीन’ झाली म्हणून बिलं नीट आहेत असं होत नाही. ईएक्सटी४चं जर्नल ठरलेल्या मांडणीत फक्त फाइल सिस्टिमच्या नोंदी जपतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. त्याची काळजी मारियाडीबीचं साठवणीचं इंजिन इनोडीबी स्वतः घेतं: बदल टिपणारा रीडू लॉग आहे, आणि अर्धवट लिहिलेल्या १६ केबीच्या पानासाठी डबलराइट बफर आहे. म्हणून आच्छादनावरून व्हीएम बूट करा, नेटवर्क काढून, म्हणजे ऑफिसातलं कुणी चुकून त्यात बिल करणार नाही. मारियाडीबीला स्वतःहून सावरू द्या आणि एरर लॉग वाचा. उठलं तर काही न करता पहिलं काम ‘मायएसक्यूएलडम्प’, म्हणजे सगळा डेटा मजकूर फाइलमध्ये काढून घेणं. पूर्ण डम्प निघाला म्हणजे मुख्य टेबलांची प्रत्येक ओळ वाचली गेली. दुय्यम इंडेक्स बिघडलेले असले तरी नव्या ठिकाणी आयात करताना ते नव्याने बनतात.

उठलंच नाही तर ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ (बिघाड असूनही डेटाबेस जबरदस्तीने उठवायची मांडणी) १ पासून सुरू करा आणि एकेक पायरी चढा. ४ आणि त्यापुढे डेटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आच्छादन असल्यामुळे तुम्हाला ते परवडतं, पण कितीवर डम्प मिळाला ते लिहून ठेवा, कारण त्यावरून डम्पवर किती भरवसा ठेवायचा ते ठरतं.

डम्प मिळाल्यावर जुनं व्हीएम पुन्हा कामाला लावू नका. एफएससीकेने जोडलेल्या सिस्टिमच्या कुठल्या लायब्ररीत काय खोट राहिली आहे ते महिन्याने कळतं. नवं व्हीएम, नवा मारियाडीबी, त्यात डम्प आयात. मग शेवटची पंधरा-वीस बिलं कागदी प्रतींशी ताडून बघा, विशेषतः लाइट जाण्याच्या आधीची. कुणी वेगासाठी ‘इनोडीबी_फ्लश_लॉग’ची मांडणी १ वरून २ केली असेल तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. हे सगळं उद्या संध्याकाळपर्यंत होण्यासारखं आहे. मूळ फाइल आणि पहिली नक्कल मात्र रिटर्न भरून झाल्यावरही दोनेक महिने ठेवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत: जर्नल असताना हे झालंच कसं? जर्नलचं सगळं आश्वासन एका गोष्टीवर उभं आहे. गेस्टने ‘हे डिस्कवर पक्कं लिही’ म्हटलं की ते खरोखर पक्कं लिहिलं जायला हवं. व्हीएमच्या डिस्कचा कॅश ‘अनसेफ’वर असेल तर क्यूएमू ही विनंती सरळ सोडून देतो आणि लिहिलं म्हणून सांगतो. इन्स्टॉलेशन वेगात व्हावं म्हणून कुणीतरी ते लावतं आणि परत बदलायचं विसरतं. मघाशी काढून ठेवलेल्या एक्सएमएलमध्ये ‘कॅश’ हा शब्द शोधा. ‘अनसेफ’ दिसलं तर गुन्हेगार सापडला. नव्या व्हीएममध्ये ‘नन’ ठेवा. ते नसेल तर संशय स्वस्त एसएसडीवर. वीज गेल्यावर कॅशमधलं लिहून संपवायला लागणारे कपॅसिटर त्यांच्यात नसतात.

आणि यूपीएस. आतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशेबाने तीन ते पाच वर्षांची असते, आणि रबाळ्याच्या पत्र्याखालच्या ऑफिसात ती २५ अंशांत कधीच नसते. दोन मिनिटांत मान टाकली म्हणजे बॅटरी संपली आहे, ती या आठवड्यात बदला. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर होस्टवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवा, म्हणजे बॅटरी उतरत आली की आधी व्हीएम आणि मग होस्ट स्वतःहून नीट बंद होतील. रोज रात्रीचा डम्प दुसऱ्या डिस्कवर, आणि महिन्यातून एकदा तो तात्पुरत्या व्हीएममध्ये आयात करून उघडतो का ते बघणं, ही दोन कामं ज्याच्याकडे द्याल त्याचं नाव ठरवून भिंतीवर लावा.

आत्ता मात्र व्हीएम बंद करा, बाहेरची डिस्क जोडा आणि नक्कल सुरू करा. ‘क्यूएमू-आयएमजी चेक’चा आणि ‘ई२एफएससीके -एफ -एन’चा पूर्ण निकाल पाठवलात तर पुढची पायरी कुठली ते नेमकं सांगता येईल.